जिथे नेहमीच १९६५ असतं

एका पृथ्वीवर साल नेहमीच १९६५ असतं. तिथल्या आभाळात मोटारी उडतात, यंत्रमानव माणसांच्या बरोबरीनं वावरतात आणि उद्याचा दिवस आजच्याहून चांगलाच असणार याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते. झॉट नावाचा सोनेरी केसांचा एक मुलगा लाल कपडे घालून, छातीवर विजेची खूण मिरवत, बुटांना बसवलेल्या जेटच्या जोरावर या आभाळातून सुसाट फिरतो. त्या पृथ्वीच्या पलीकडे, एका अधांतरी दारातून जाता येईल इतक्या अंतरावर, आपली पृथ्वी आहे. तिथे जेनी वीव्हर नावाची शाळकरी मुलगी राहते आणि तिला आपल्या पृथ्वीपेक्षा झॉटचीच पृथ्वी खरी वाटायला लागते.

स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकाराचं 'झॉट!' हे कॉमिक १९८४ मध्ये सुरू झालं. पहिले दहा अंक रंगीत, पुढचे काळे-पांढरे, असे छत्तीस अंक निघाले आणि मालिका थांबली. मग २००० साली झॉट पुन्हा उडाला, पण कागदावर नाही. 'झॉट! ऑनलाइन' या नावानं तो संगणकाच्या पडद्यावर आला, आठवड्याला एक हप्ता याप्रमाणे. चारशेहून अधिक चौकटींची ही गोष्ट पानांत कापलेली नव्हती. ती एका लांबच लांब पट्ट्यासारखी खाली उलगडत जायची. जुन्या कार्टूनच्या पोटातून निघालेला हा नायक वेबकॉमिकच्या अगदी पहिल्या धाडसी प्रयोगांपैकी एकाचा नायक व्हावा, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. तो का वाटत नाही, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. एका टायपर्यंत.

'योगी बेअर' आठवतो? उघड्या अंगाचं अस्वल, पण गळ्यात कॉलर आणि टाय. तो काढणाऱ्या हॅना-बार्बेरा स्टुडिओची इतर पात्रं डोळ्यांसमोर आणा. कुणाच्या गळ्यात पट्टा, कुणाच्या गळ्यात बो, कुणाला ताठ कॉलर. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं आणि ही सगळी मंडळी आपल्या घरांत शिरली. सुटीच्या दुपारी मी ती तासन्‌तास पाहिली, पण अस्वलाला टाय कशाला, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. उत्तर कळलं ते फार उशिरा, आणि कळलं तेव्हा मी अक्षरशः जागेवरून उठून उभा राहिलो. तो टाय म्हणजे शिवण आहे! डोकं एका सेलवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या पारदर्शक तावावर काढायचं, धड दुसऱ्या सेलवर. पात्र बोलत असताना धड तसंच ठेवायचं आणि फक्त डोकं बदलत राहायचं. दोन चित्रं जिथे जुळतात ती रेघ मानेवर दिसली असती, म्हणून मानेवर कॉलर आली. फॅशन नव्हे, काटकसर.

ही काटकसर कुठून आली, तेही पाहण्यासारखं आहे. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा हे 'टॉम अँड जेरी'चे जनक. त्या मांजर-उंदरांनी एमजीएम स्टुडिओला सात ऑस्कर मिळवून दिले होते. तरीही १९५७ मध्ये एमजीएमनं आपला कार्टून विभाग बंद केला आणि या दोघांनी टेलिव्हिजनची वाट धरली. टेलिव्हिजनकडे पैसा थोडा आणि वेळ त्याहून थोडा. सिनेमाच्या फितीवर सेकंदाला चोवीस चौकटी धावतात. एक चित्र दोन चौकटी टिकवलं तरी सेकंदाला बारा चित्रं लागतात, म्हणजे मिनिटाला सातशेवीस. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमातून जाहिराती वजा केल्या तरी हा हिशेब पंधरा हजारांपुढे जातो, आणि तोही दर आठवड्याला. हे जमणारं नव्हतं. म्हणून चित्रं कमी झाली. पात्रं धावायची तेव्हा मागची तीच खिडकी, तेच टेबल, तोच दिवा पुन्हा पुन्हा समोरून सरकायचा. डोळे मिटायचे, ओठ हलायचे, बाकी सगळं स्तब्ध. याला 'लिमिटेड ॲनिमेशन' म्हणतात. त्याआधी यूपीए नावाच्या स्टुडिओनं सपाट आकार आणि मोजक्या रेषा हौसेनं, शैली म्हणून वापरल्या होत्या आणि 'जेराल्ड मॅकबोइंग-बोइंग'साठी ऑस्करही मिळवलं होतं. टेलिव्हिजननं तीच शैली गरज म्हणून स्वीकारली. आपल्याकडे दूरदर्शनवर पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला, विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेला फिल्म्स डिव्हिजनचा १९७४ चा 'एक अनेक और एकता' आठवून पाहा. तिथेही साधे सपाट आकार आहेत आणि जाळ्यासकट उडून जाणाऱ्या त्या चिमण्या आजही डोळ्यांपुढून हलत नाहीत.

२३ सप्टेंबर १९६२ ला हॅना-बार्बेरांचं 'द जेट्सन्स' सुरू झालं. गोष्ट बरोबर शंभर वर्षं पुढची, २०६२ ची. उंच खांबांवर तोललेली घरं, घडी घालून ब्रीफकेस करता येणारी उडती मोटार, घरकाम करणारी रोझी नावाची यंत्रबाई, समोरच्याचा चेहरा दाखवणारा फोन. मूळ मालिकेचे भाग फक्त चोवीस. तरीही 'भविष्य' म्हटलं की जगभरच्या कित्येक लोकांच्या मनात अजून याच मालिकेतलं शहर उभं राहतं.

ते शहर कुणाच्या डोक्यातून शून्यातून आलेलं नव्हतं. त्या काळच्या कॅलिफोर्नियात रस्त्याकडेची कॉफीघरं, पेट्रोलपंप, मोटेलं अशीच दिसत होती: बूमरँगसारखी छपरं, तिरके खांब, तबकडीसारखे मजले. लॉस एंजेलिसमधल्या 'गूगीज' नावाच्या एका कॉफीघरावरून या वास्तुशैलीचं नावच 'गूगी' पडलं. सिएटलची 'स्पेस नीडल' १९६२ च्याच जागतिक प्रदर्शनासाठी उभी राहिली. गागारिन आदल्या वर्षी अंतराळात जाऊन आला होता आणि जॉन ग्लेननं १९६२ च्या फेब्रुवारीत पृथ्वीला प्रदक्षिणा घातली होती. म्हणजे चित्रकारांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि दिसलं ते थोडं वर उचलून धरलं. शिवाय तबकडी आणि लंबगोल हे आकार दोन-तीन रेषांत उरकतात. ज्याला आठवड्याला हजारो चित्रं काढायची आहेत त्याला गॉथिक कमानी परवडत नाहीत. भविष्यकाळ इतका गुळगुळीत का दिसायचा, याच्या कारणांत हेही एक कारण आहे.

जपानमध्ये हाच पेच ओसामू तेझुका यांच्यापुढे होता. हे वैद्यकाची पदवी घेतलेले गृहस्थ, पण आयुष्य चित्रांत गेलं. १ जानेवारी १९६३ ला त्यांची 'तेत्सुवान आतोमु', म्हणजे आपल्याला 'ॲस्ट्रो बॉय' म्हणून माहीत असलेली मालिका टेलिव्हिजनवर आली. त्यांनी एक चित्र तीन-तीन चौकटी टिकवलं, म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. काही ठिकाणी तर चित्र एकच आणि त्याच्यावरून कॅमेरा सरकतो. काढून झालेली चित्रं जपून ठेवायची आणि पुढच्या भागात पुन्हा वापरायची. बेटी बूप आणि डिस्ने यांच्याकडून घेतलेले मोठाले डोळे त्या छोट्याशा यंत्रमुलाला मिळाले आणि सेकंदाला आठ चित्रांतला हा मुलगा खऱ्या मुलांना रडवू लागला. मॅक्लाउडनं झॉट काढला तेव्हा त्याच्यापुढे तेझुकांचा आदर्श होता, हे तो स्वतः मोकळेपणानं सांगत आला आहे. झॉटचं गोल, निष्पाप तोंड आणि पायांतल्या जेट पाहिल्या की आतोमुशी असलेलं त्याचं नातं विचारावंच लागत नाही.

आता मला ज्या गोष्टीनं झपाटलं तिच्याकडे येतो. १९१२ मध्ये माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञानं एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन रेघा, एक इथे, एक थोडी पलीकडे. पहिली दाखवायची, क्षणाचा काही अंश थांबायचं, मग दुसरी दाखवायची. पाहणाऱ्याला दोन रेघा दिसत नाहीत. एकच रेघ इकडून तिकडे सरकलेली दिसते. मधल्या जागेत काहीच नव्हतं, तरी तिथून काहीतरी गेलेलं आपण पाहतो. सगळा सिनेमा, सगळी कार्टून्स याच देणगीवर उभी आहेत. सेकंदाला चोवीस किंवा बारा चित्रं असतात तेव्हा हे काम डोळा आणि मेंदू परस्पर उरकतात, आपल्याला कुणी विचारत नाही.

चित्रं आठवर आली, किंवा एकाच चित्रावर कॅमेरा सरकायला लागला, की हा परस्पर व्यवहार अपुरा पडतो. गती तुटक दिसते. आणि तिथे आपण स्वतः पुढे होतो. आतोमु स्तब्ध उभा आहे, डोळ्यांत एक ठिपका चमकला, आणि त्याला काय वाटलं असेल ते आपण आपल्या मनानं भरून घेतो. चित्रकारानं जे काढलं नाही ते प्रेक्षकानं काढलं. आता चित्रं आणखी कमी करत जा. सेकंदाला चार, दोन, एक. शेवटी हलणं पूर्ण थांबतं, चित्रं एकमेकांशेजारी येऊन बसतात, आणि हातात उरतं ते कॉमिक.

जुनं कार्टून आणि कॉमिक या दोन वेगळ्या कला आहेत असं मी इतकी वर्षं समजत होतो. पण त्या एकाच जिन्याच्या पायऱ्या आहेत.

मॅक्लाउडनं १९९३ मध्ये 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' हे पुस्तक लिहिलं, म्हणजे काढलं. कॉमिक म्हणजे काय हे समजावणारं ते पुस्तक स्वतःच अथपासून इतिपर्यंत कॉमिक आहे. त्यातला एक दाखला विसरता येत नाही. पहिल्या चौकटीत एकानं कुऱ्हाड उगारली आहे आणि दुसरा जीव घेऊन पळतो आहे. पुढच्या चौकटीत रात्रीचं शहर आणि त्यावर घुमणारी किंकाळी. खून कुठे आहे? कुठेच नाही. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या फटीत तो वाचकानं केला. कुऱ्हाड किती जोरात पडली, कुठे पडली, हे ज्यानं-त्यानं ठरवलं. चित्रकार फक्त दोन काठ उभे करतो, पूल वाचक बांधतो. चेहऱ्यांबद्दलही त्याचं म्हणणं याच दिशेचं आहे: चेहरा जितका तपशीलवार, तितका तो दुसऱ्या कुणाचा तरी. दोन ठिपके आणि एक रेघ उरली की त्यात आपण शिरतो. म्हणून झॉटचा चेहरा इतका साधा आणि त्याच्यामागचं शहर इतकं बारकाव्यांनी भरलेलं. साध्या चेहऱ्याचा मुखवटा चढवून आपण त्या शहरात हिंडून येतो.

मग पडदा आला. सुरुवातीला बहुतेकांनी छापील पानं तशीच संगणकावर चढवली. मॅक्लाउडचा प्रश्न वेगळा होता: पान हवंच कशाला? पानाचा आकार कागदाच्या गिरणीनं आणि छापखान्यानं ठरवलेला. पडद्याला कडा आहेत, पण तो खिडकी आहे, पान नाही. खिडकीपलीकडची भिंत हवी तेवढी लांब, हवी तेवढी उंच असू शकते. २००० सालच्या 'रीइन्व्हेंटिंग कॉमिक्स' या पुस्तकात त्यानं या कल्पनेला 'इन्फिनिट कॅनव्हस' म्हटलं. अमर्याद फलक म्हणू या.

यातली खरी गंमत काळाची आहे. सिनेमात एका क्षणाची जागा दुसरा क्षण घेतो, चित्रं एकाच चौकोनात एकामागून एक येतात. कॉमिकमध्ये क्षण शेजारी-शेजारी मांडलेले असतात. म्हणजे कागदावरचं अंतर हाच काळ. छापील पानावर हा काळ दर काही चौकटींनी दुमडावा लागतो: ओळ संपली, खाली या, पान संपलं, उलटा. अमर्याद फलकावर तो दुमडायची गरज नाही. शांतता दाखवायची असेल तर दोन चौकटींत वीतभर रिकामी जागा सोडा, वाचक तेवढा वेळ गप्प राहील. कुणी कड्यावरून कोसळत असेल तर चौकट तेवढी उंच करा आणि वाचकाला बोटानं ते कोसळणं खाली खाली ओढू द्या. सिनेमात गती प्रोजेक्टर ठरवतो. इथे प्रोजेक्टरचं चाक वाचकाच्या बोटाखाली आहे. भीती वाटली तर तो हळू जाईल, हवं तर मागे फिरेल, एखाद्या चेहऱ्यापाशी थांबूनही राहील.

'झॉट! ऑनलाइन'मध्ये चौकटींना जोडणाऱ्या रेघा आहेत. पान नाही म्हटल्यावर पुढे कुठे जायचं, हे वाचकाला कळायला हवं, म्हणून एका चौकटीतून निघालेली रेघ पुढच्या चौकटीत शिरते. मला त्या रेघा पाहताना पुन्हा तो टाय आठवतो. तिथे जोड लपवला होता, इथे तोच जोड उघड करून त्याचीच वाट केली आहे. याच काळात मॅक्लाउडनं आणखीही खटपटी केल्या. बुद्धिबळाच्या वेडावरची एक आत्मकथा त्यानं पटावरच्या घरांसारखी मांडली. २००३ च्या 'द राइट नंबर'मध्ये प्रत्येक चौकटीच्या मधोमध पुढची चौकट इवलीशी दडलेली असते आणि आपण आत, आणखी आत शिरत राहतो. वाचकांनी थोडीशी नाणी मोजावीत आणि चित्रकाराचं घर चालावं, ही त्यामागची आशा मात्र त्या वेळी फळली नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. नाव न कळता त्याचं काम पाहिलेले लोकही पुष्कळ असतील: २००८ मध्ये गूगलनं क्रोम ब्राउझर आणला तेव्हा तो समजावून सांगणारं कॉमिक यानंच काढलं होतं.

खाली उलगडत जाणारा पट्टा पुढे खऱ्या अर्थानं रुळला तो दक्षिण कोरियात, 'वेबटून' या रूपात, आणि मग मोबाइलवर. आज बसमध्ये उभं राहून अंगठ्यानं गोष्ट वर सरकवणारी मुलं जी कला वाचताहेत, तिच्यात दोन चौकटींमधलं कोरं अंतर हाच काळ आहे. त्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही.

मॅक्लाउडच्या वडिलांबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ते संशोधक होते, रॉकेटांवर काम करणारे अभियंते होते आणि पूर्णपणे अंध होते. २००५ मधल्या एका व्याख्यानाची सुरुवात या चित्रकारानं त्यांच्याच आठवणीनं केली होती. जे दिसत नाही त्यावर विश्वास ठेवायचा, हे त्या घरात रोजचंच होतं. रॉकेटं मनातल्या मनात उभी करणाऱ्या अंध बापाच्या घरात वाढलेला मुलगा पुढे आयुष्यभर एकच गोष्ट समजावत राहिला: कॉमिकचा जीव जिथे काहीच काढलेलं नाही तिथे असतो.

आणि 'झॉट!'च्या शेवटच्या अंकांत त्यानं काय केलं ते पाहा. झॉट आपल्या पृथ्वीवर अडकतो, परतायची वाट बंद. त्यानंतर गोष्टीत खलनायक जवळजवळ उरतच नाहीत. उरतात जेनीचे शाळकरी मित्रमैत्रिणी, त्यांची घरं, त्यांची गुपितं. आपलं मन कुणाकडे ओढ घेतंय हे कबूल करायला घाबरणारी टेरी नावाची मुलगी आहे. कायम १९६५ असलेल्या जगातून आलेला हा मुलगा या सगळ्यांमध्ये वावरतो आणि तरीही उमेद सोडत नाही. जुन्या कार्टूनच्या भविष्याची थट्टा करणं सोपं होतं. मॅक्लाउडनं ते भविष्य जपलं आणि आपल्या अवघड जगाच्या अगदी शेजारी नेऊन ठेवलं. दोन चौकटींसारखं.

जुन्या भविष्यांच्या तारखा एकेक करून येतात. कथेप्रमाणे आतोमुचा जन्म ७ एप्रिल २००३ चा. तो दिवस खरोखर उजाडला तेव्हा जपानमधल्या नीझा शहरानं त्या यंत्रमुलाची नागरिक म्हणून रीतसर नोंद केली, आणि कथेत तो जिथे जन्मला त्या तोक्योतल्या ताकादानोबाबा स्थानकावर त्या वर्षापासून गाडी सुटताना त्याच्या गाण्याची धून वाजते. 'जेट्सन्स'चं २०६२ अजून यायचं आहे. आणि २००० सालच्या त्या वेबकॉमिकचं भविष्यसुद्धा आता जुनं झालंय. मंद इंटरनेट आणि जाड काचेचे मॉनिटर यांच्यासाठी काढलेली ती चित्रं आजच्या फोनवर पोस्टाच्या तिकिटाएवढी वाटतात. मी दोन बोटांनी ती ताणून मोठी करतो. एका चौकटीतून निघालेली रेघ कोऱ्या जागेतून खाली उतरत जाते, पुढची चौकट अजून पडद्याबाहेरच आहे, बोट तिच्या दिशेनं सरकत असतं, आणि मधल्या त्या पांढऱ्या जागेत झॉट उडत असतो.